पाळण्यावरची तीट

उकंडा पालिशवाल्याचा उजवा हात भलताच आगाऊ होता. मालक गप्प बसला तरी हा हात बसत नसे. खुर्चीत टेकलं की खुर्चीच्या दांडीवर, टेबलाशी बसलं की टेबलाच्या कडेवर तो आपला फिरायला लागायचा. धाकट्या साळीच्या, म्हणजे मेहुणीच्या, सोयरिकीची बोलणी चालली होती तेव्हाची गोष्ट. मुलाकडची मंडळी मानपान ठरवत होती आणि ह्या बहाद्दरानं मध्येच वाकून त्यांच्या तखताचा पाय चाचपला. वर सगळ्यांच्या देखत सांगितलं, “ह्याले अंदरून भेग हाय. पावसाळ्यात वाढंन.” सोयरीक मोडली नाही हे साळीचं नशीब. त्याची बायको इंदूबाई त्या दिवशी घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

घर बोरी अरबला, पण काम चहूकडे. सायकलच्या मागे लाकडी पेटी बांधून तो दारव्ह्याला जाई, यवतमाळला जाई, लग्नसराईत त्याहूनही लांब जाई. पेटीत स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडालाख, म्हणजे पालिश, काचकागद, खडूची भुकटी, सरस, गेरू आणि जवसाच्या तेलाची एक चिकट बाटली. खिळ्याचं भोक तो खडू आणि सरसाच्या लुकणानं बुजवी आणि वर लाकडाचा रंग असा जुळवी की भोक कुठं होतं ते मालकालाही सापडू नये. यवतमाळच्या ज्या उस्तादाकडे तो शिकला, तो लाकडातल्या दोषाला ऐब म्हणे आणि शागिर्दाला डोळे मिटून फळ्यांवर हात फिरवायला लावून ऐब शोधायला सांगे. उस्ताद गेला, त्या फळ्याही कुणाच्या चुलीत गेल्या असतील. हाताची सवय मात्र राहिली.

खरं सांगायचं तर हल्ली नुसता हातच नाही, अख्खा उकंडाच जागेवर टिकत नव्हता. साठ सालचा उन्हाळा होता आणि इंदूबाईचे दिवस भरत आले होते. पहिला मुलगा बारशाआधीच गेला. दुसरी मुलगी ओळखून हसायला लागली आणि गेली. आता तिसऱ्याची वाट पाहणं चाललं होतं आणि त्यात आनंद कमी, धास्ती जास्त होती. इंदूबाई निदान बोलून तरी दाखवायची. उकंडा उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा, तहान नसताना पाणी प्यायचा, पुन्हा उठायचा. विचारलं तर म्हणायचा, “काही नाही, पाय मोकळे करून राह्यलो.”

त्यातच दारव्ह्याला रामराव नावाच्या कापसाच्या अडत्याकडचं काम संपलं. त्यांच्या दिवाणखान्यातल्या खुर्च्या आणि कपाटं उकंडानं आरशासारखी करून दिली होती. रामरावांनी नातवासाठी नव्या चालीचा लोखंडी पाळणा आणला होता आणि जुना सागवानी पाळणा माळ्यावर धूळ खात पडला होता. “तुमच्या घरी पाहुणा येनार म्हंतात. घेऊन जा,” असं म्हणून रामरावांच्या बायकोनं तो उकंडाला देऊन टाकला. उकंडानं तो सायकलवर आडवा बांधला आणि सायकल हातानं ढकलत बोरीपर्यंत चालत आला. वाटेत थांबला तेवढ्या वेळा त्याचा हात पाळण्यावरून फिरला. ऐब नाही असा वीतभर तुकडा त्याला सापडला नाही, आणि त्यामुळे गडी मनातून खूश झाला. काहीतरी करायला मिळालं होतं.

भर उन्हाळ्यात पालिश करणं म्हणजे जिवाला ताप. स्पिरिट हवेतच उडून जातं आणि पालिश लावायची गद्दी फळीवर अडखळते. म्हणून तो उजाडता उजाडता कामाला बसायचा आणि ऊन अंगणात उतरलं की थांबायचा. थांबायचा म्हणजे काम थांबायचं, हा फिरतच राहायचा. आधी त्यानं काचेच्या तुकड्यानं जुना थर खरवडला. उशाकडच्या फळीवर कितीतरी बाळांच्या टाळूचं तेल मुरून काळा पट्टा झाला होता. त्यावर ओल्या खडूचा लेप थापला, वाळला की काढला, पुन्हा थापला, असं करत तेल वर ओढून घेतलं. जिथं मार लागून लाकूड दबलं होतं तिथं ओलं फडकं ठेवून वर तापलेलं लोखंड फिरवलं. लाकडाला वाफ मिळाली की दबलेला भाग फुगून आपोआप वर येतो. भेगांत वितळलेली लाख सोडली. मग कापसाची गद्दी मलमलीत गुंडाळून, पालिशात भिजवून, गोल गोल हात चालू केला. पाचव्या-सहाव्या दिवशी पाळणा असा दिसायला लागला की शेजारपाजारचे लोक काही ना काही निमित्त काढून अंगणात यायचे.

इंदूबाई आली, कठड्याच्या वरच्या दांडीवरून तिनं बोट फिरवलं आणि थांबली.

“इथं दातांच्या खुणा होत्या.”

“होत्या ना. बारीक बारीक लय होत्या,” उकंडा कौतुकानं म्हणाला. “वाफ देऊन वर आणल्या. पाह्य, हाताले लागते काय काही?”

“काहून काढल्या?”

“काहून म्हंजे? ऐब होते ते.”

“लेकरांचे दात होते ते,” ती म्हणाली. “आपल्या घरी दात येईपर्यंत राह्यलं काय कोनी? पहिल्या दिवशी म्या त्या खुणा पाह्यल्या, अन् मनलं, ह्या पाळण्यातली लेकरं जगतात. म्हून घरात घेतला.”

हाताची लाख पुसत पुसत उकंडा उगाच वेशीपर्यंत जाऊन आला. काढलेली खूण परत आणता येत नाही, आणि ही गोष्ट आजवर त्याला कधी वाईट वाटली नव्हती.

मुलगी झाली. तांड्यावरची रुपीबाई बाळंतपणाला आली होती. बंजाऱ्यांची ही म्हातारी गावातल्या अर्ध्या लोकांची सुईण, सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. तिनं बाहेर येऊन “छोरी” एवढंच सांगितलं आणि उकंडाच्या तोंडाकडे पाहून पुढे म्हणाली, “चांगली हाय. रडते पाह्य कशी.” मुलीचं नाव सत्यशीला ठेवलं. चकचकीत पाळण्यात सत्यशीला झोपली. दुसऱ्याच दिवशी उकंडाला उशाकडच्या फळीच्या कोपऱ्यात काजळाचा काळाकुट्ट टिपका दिसला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. छप्पन सालच्या दसऱ्याला हे नवराबायको ट्रकमध्ये उभ्यानं नागपूरला गेले होते आणि दीक्षा घेऊन आले होते. घरातले देवाचे टाक, ताईत, दोरे, सगळं इंदूबाईनंच स्वतःच्या हातानं नदीत सोडलं होतं. तेव्हापासून वस्तीत दर रविवारी वंदना होई. मारोती नावाचा वस्तीतला शिकलेला माणूस पुढे बसून बावीस प्रतिज्ञा समजावून सांगे. त्याच्यानंतर उकंडा उठे आणि नजर, भूतबाधा, अंगारे ह्यांवर असा तुटून पडे की मारोतीलाच त्याला खाली बसवावं लागे. अशा माणसाच्या घरात पाळण्याला तीट.

“हे काय हाय?” त्यानं विचारलं.

“काजळ हाय.”

“दिसते मले. कायले लावलं?”

“लेकरू गोजिरं हाय. पाळणा तर तुमी असा केला का येनारा जानारा टकामका पायते. काही तरी खोट पायजे ना कुठं.”

“नजरबिजर काही नसते, इंदू. आपन शपथ घेतली.”

“देव सोडले म्या. काजळ काय देव हाय? अन् नजर नसते म्हंता, तं मंग टिपका असला काय अन् नसला काय, तुमचं काय जाते?”

हा प्रश्न मारोतीलाही जड गेला असता. शेवटी उकंडा म्हणाला, “पालिश खराब होते.”

“तुमची माय शहानी होती,” इंदूबाई म्हणाली. “आधीची गेली म्हून तुमाले उकिरड्यावर लोळवलं, उकंडा नाव ठेवलं. तवा कुठं तुमी जगले.”

“मी जगलो मायच्या दुधानं,” उकंडा म्हणाला, पण तोवर ती आत निघून गेली होती.

त्या दिवसापासून त्या घरात एक मुकाट लढाई सुरू झाली. सकाळी इंदूबाई टिपका लावायची. कामावर निघताना उकंडा तो पुसायचा. संध्याकाळी परत यावं तो टिपका जागेवर. दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. जेवताना भाजीत मीठ कमी आहे का हे विचारलं जाई, पोरगी किती वेळ झोपली हे सांगितलं जाई. पाळण्याकडे मात्र दोघंही बघत नसत.

पण रागात माणूस स्वतःची विद्या विसरतो, तसं उकंडाचं झालं. काजळ तेलकट, साध्या फडक्यानं फासटतं, म्हणून हा रोज स्पिरिटचं फडकं घेऊन ते पुसायचा. स्पिरिटनं पालिश विरघळतं हे त्याला कुणी शिकवायला हवं होतं काय? रोजच्या रोज तेवढ्या जागेवरचं पालिश तो स्वतःच मऊ करत होता आणि बायकोचं काजळ स्वतःच आत घासत होता. आषाढ लागेपर्यंत काजळ लाकडाच्या रेषांत उतरलं. इंदूबाईनं टिपका लावला नाही तरी तिथं राखाडी डाग दिसायला लागला, आणि भोवती दमट हवेनं पांढुरकं कडं आलं. बोरी, दारव्हा, यवतमाळ, सगळीकडचे डाग काढणाऱ्याच्या घरात त्यानं स्वतःच्या हातानं केलेला डाग. त्याला जेवण गोड लागेना. काम करताना दुसऱ्याच्या कपाटावर त्याला तोच डाग दिसे.

शेवटी श्रावणात एका सकाळी तो हट्टाला पेटला. पोरीला इंदूबाईच्या मांडीवर दिलं, पाळणा खाली उतरवला आणि काचेनं तो कोपरा थेट कोऱ्या लाकडापर्यंत खरवडला. सोड्याच्या पाण्यानं धुतला, शेगडीवर धरून वाळवला, लुकण भरलं, रंग जुळवला, पालिश चढवलं. दुपार कलेपर्यंत डाग नाहीसा झाला. त्यानं डोळे मिटून हात फिरवला. काही लागलं नाही. इंदूबाई दारात बसून सगळं पाहत होती.

“झालं समाधान?” तिनं विचारलं.

“झालं,” तो म्हणाला. आणि खरंच झालं होतं, संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी सत्यशीलेचं अंग तापलं. रात्र सरली, ताप सरला नाही. सकाळी तिनं दूध तोंडात घेतलं नाही. रुपीबाई आली, हात लावून पाहिला आणि म्हणाली, “माझ्या झाडपाल्यानं हे उतरनार नाही. दवाखान्यात ने.” त्या दिवसांत वस्तीत घरटी एक मूल तापानं फणफणलं होतं, हे उकंडाला ठाऊक होतं. हवेचा ताप आहे, हेही तो स्वतःला सांगत होता. इंदूबाई एक शब्द बोलली नाही. तिनं भांडण केलं असतं तर उकंडाला बरं वाटलं असतं. मोटारीत ती पोरीला छातीशी धरून खिडकीबाहेर पाहत बसली, आणि तिच्या शेजारी बसलेल्या उकंडाचा हात पुढच्या बाकाच्या लाकडावरून फिरत राहिला.

दारव्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सुई दिली, औषध दिलं आणि ठेवून घ्यायला सांगितलं. ताप चढायचा, थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. तिसऱ्या दिवशी इंदूबाई म्हणाली, “घरून दोन लुगडी अन् गोधडी घेऊन या. दुपारच्या मोटारीनं वापस या.” तेवढंच बोलली.

उकंडा घरी आला. दार उघडलं. पाळणा आढ्याला टांगलेला, रिकामा. वाऱ्यानं की दार उघडल्यानं कोण जाणे, किंचित हलत होता. त्यानं लुगडी काढली, गोधडी बांधली, निघायला दारापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा दारापर्यंत गेला. मोटार यायला वेळ होता, फार नव्हता. त्यानं गाठोडं खाली ठेवलं, कोनाड्यातली काजळाची डबी घेतली आणि उशाकडच्या फळीच्या त्याच कोपऱ्यात, बोटानं, टिपका लावला.

लावला आणि पाहत राहिला. बोटानं लावलेलं काजळ किती टिकणार? कुणाचं लुगडं घासलं की गेलं, पोरीचा हात लागला की गेलं. त्यानं काजळ पुसलं, पेटी उघडली, दिव्याची कोरडी काजळी पालिशात कालवली आणि बारीक कुंचल्यानं तोच टिपका पुन्हा रेखला. आता तो वाळल्याशिवाय वरचा हात देता येणार नव्हता, आणि श्रावणातल्या ओल्या हवेत पालिश वाळतं कसलं, पांढरं पडतं. मग शेगडी पेटवली. फळीखाली शेगडी धरून उभा राहिला. धूर डोळ्यांत गेला. एक हात, वाळवण. दुसरा हात, वाळवण. लांबून मोटारीचा भोंगा ऐकू आला. उकंडानं मान वर केली, दाराकडे पाहिलं, आणि गद्दी पुन्हा पालिशात बुडवली. पोरगी दवाखान्यात होती, बायको वाट पाहत होती, मोटार वेशीत उभी होती, आणि हा शपथ घेतलेला माणूस एका काळ्या टिपक्यावर त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात जपून केलेलं पालिश चढवत होता. आपण हे काय करतोय हे त्याला कळत होतं. लाजही वाटत होती. हात थांबत नव्हता.

मोटार गेली. चिखलातून सायकल हाणत तो दारव्ह्याला पोचला तेव्हा दिवेलागण होत होती.

“उशीर काहून झाला?” इंदूबाईनं विचारलं.

“मोटार चुकली,” तो म्हणाला.

पोरीचा ताप दोन दिवसांनी उतरला तो पुन्हा आला नाही. औषधानं उतरला. वस्तीतली बाकीची पोरंही त्याच औषधानं बरी झाली होती, त्यांच्या पाळण्याला कुणी काही लावलं नव्हतं. उकंडाला हे पक्कं माहीत होतं आणि त्यानं स्वतःशी ते अनेकदा म्हणूनही पाहिलं. घरी आल्यावर इंदूबाईला टिपका दिसला. तिला वाटलं, दवाखान्यात निघायच्या गडबडीत आपणच लावून गेलो असू आणि नवऱ्यानं ह्या वेळी पुसला नाही. त्याची अक्कल ठिकाणावर आली म्हणून तीही गप्प राहिली. तिनं नवा टिपका लावला नाही, त्यानं पुसला नाही. रविवारच्या वंदनेनंतर उकंडा आता बोलायला उठेनासा झाला. मारोतीनं विचारलं तर “घसा बसला” म्हणायचा. पोरगी पालथी पडली, बसली, रांगली. ती शिंकली तरी उकंडाचं लक्ष आधी पाळण्याच्या कोपऱ्याकडे जायचं आणि मग पोरीकडे. कामावर असताना मध्येच त्याला वाटायचं, कुणी खरवडला तर नसेल? एकदा तर अर्धं टेबल सोडून तो यवतमाळहून घरी येऊन पाहून गेला.

वैशाख पौर्णिमेला वंदना उकंडाच्या घरी ठरली. आदल्या दिवसापासून इंदूबाईची सारवणं, झाडणं चाललं होतं. सकाळी तिनं ओलं फडकं घेतलं आणि पाळण्याकडे वळली.

“आता हे पुसून टाकतो,” ती म्हणाली. “पोट्टी चालाले लागली. लोकं येतीन, मारोतीभाऊ येतीन. तुमालेच बोल लागंन. माहं भेव गेलं आता.”

उकंडा दारात तोरण बांधत होता. तो काही बोलायच्या आत तिनं टिपका पुसला. गेला नाही. जोर लावून पुसला. गेला नाही. तिनं नखानं खरडून पाहिलं आणि नख घसरलं. मग तिनं फडकं बाजूला ठेवलं आणि तळहात फिरवला. काजळ कुठं हाताला लागतच नव्हतं. ते काचेखाली असावं तसं पालिशाच्या खाली होतं. कडेला ना चढ ना उतार. असलं काम बोरीत एकाच माणसाच्या हातचं होतं, हे ओळखायला तिला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

“हे तुमी केलं,” ती म्हणाली. “कवा?”

उकंडानं तोरणाची दोरी सोडली. “लुगडी न्यायले आलतो तवा.”

“मोटार चुकली होती, त्या दिवशी?”

“मोटार उभी होती. मी नाही गेलो.” तो खाली बसला. “मले भेव वाटलं, इंदू. म्या पुसलं अन् तिले ताप आला. खोटं हाय हे सारं, मले माहीत हाय. तरी भेव वाटलं. अजून वाटते.”

इंदूबाईनं पाळण्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, “त्या दोघांच्या वेळी तुमच्या डोळ्यात पानी नाही पाह्यलं म्या. माती देऊन आले अन् दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन कामावर गेले. मले इतके वर्स वाटे, ह्या मानसाले लाकडाबिगर कशाचंच काही नाही.”

“घरी बसवत नव्हतं,” उकंडा म्हणाला आणि रडायला लागला. सत्यशीला त्याच्याकडे पाहून घाबरली आणि आईच्या लुगड्याला जाऊन चिकटली. इंदूबाईनं तिला कडेवर घेतलं आणि आणून बापाच्या मांडीवर बसवलं.

दुपारी लोक जमले. मारोती पांढरा सदरा घालून आला, पोरीच्या गालाला हात लावला, पाळणा पाहून थांबला. “काय काम हाय, उकंडा,” तो म्हणाला, आणि मग वाकून कोपऱ्याकडे पाहत, “हा काळा डाग कायचा राह्यला?”

उकंडाचा घसा खरंच बसला.

“तो लाकडातलाच हाय, भाऊ,” पाण्याचा तांब्या पुढे करत इंदूबाई म्हणाली. “ह्यायनं लय घासला, लय घासला. नाही निघाला.”

मारोतीनं मान डोलावली, पाणी प्यायला आणि वंदनेला मांडी घालून बसला. उकंडा पोरीला मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसला, आणि वंदना संपेपर्यंत त्याचा हात तिच्या पाठीवर होता.